टिपणिसांची नापास फुलं

आमच्या इमारतीत एक गृहस्थ फुलांची परीक्षा घेत असत आणि जवळजवळ सगळ्या फुलांना नापास करत. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत उमललेलं राहिलं पाहिजे, एवढा एकच पेपर. दुपारी चारला एखाद्या फुलानं मान टाकली की भाऊ टिपणीस त्याच्यासमोर उकिडवे बसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "नापास. पुढच्या वर्षी बसू नका." मग त्या झाडाच्या डब्यावर चुन्याची एक फुली. मागच्या अंगणात फुल्यांचे डबे इतके झाले होते की नव्या माणसाला वाटावं, नगरपालिकेनं ते पाडायला काढले आहेत.

हे फूल म्हणजे लिलीतला एक प्रकार. गवतासारखी लांब पाती, मधून उंच दांडा, दांड्यावर आठ-दहा कळ्या. रोज एखादी कळी उमलते आणि त्याच दिवशी संपते. दुसऱ्या दिवशी दुसरी. भाऊ तिला 'एकदिवशी' म्हणत. थंड हवेत तिचा दिवस लांबतो, गरम हवेत आखडतो. डोंबिवलीच्या मे महिन्यात तो दुपारच्या चहाच्या आसपास संपत असे. भाऊंचा हट्ट असा, की डोंबिवलीच्या मे महिन्यातही ती रात्री आठपर्यंत टिकली पाहिजे.

आठच का, सात का नाही, असं मी एकदा विचारलं. मी हिशेब खात्यातला माणूस. कुठलाही आकडा समोर आला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. भाऊ म्हणाले, "ऑडिटर, तुमची बेरीज एकानं चुकली तर सोडता का तुम्ही?"

मी सोडत नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली इमारत, भाऊ तळमजल्यावर, मी आणि माझी आई बरोबर त्यांच्या डोक्यावर. तळमजला म्हणून मागची मातीची पट्टी त्यांच्या वाट्याला आलेली. भाऊ एमआयडीसीतल्या रंगाच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. पहिली पाळी करून साडेतीनला सुटत आणि सायकलवरून थेट परीक्षा घ्यायला येत. कारखान्यातले रिकामे डबे घरी येत, त्यांना बुडाशी भोकं पडत आणि त्यांत झाडं बसत. वहिनी मुंबईला विमा कंपनीत होत्या, ऑफिस पार कुलाब्याच्या टोकाला. म्हणजे घरातला पुरुष गावात आणि बाई मुंबईत, असा आमच्याकडच्या रीतीपेक्षा उलटा संसार. संध्याकाळचा कुकर भाऊच लावत. शिट्ट्या मोजताना मधे बोललेलं त्यांना चालत नसे.

बियाणं तयार करायची त्यांची रीत अशी. एका फुलातली परागाची काडी चिमटीनं तोडायची, दुसऱ्या फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकावर हळूच टेकवायची आणि त्या फुलाला दोरा बांधायचा. दोरे वहिनींच्या शिवणाच्या डब्यातले. लाल दोरा म्हणजे अमक्याशी लावलं, निळा म्हणजे तमक्याशी. फूल गळलं की मागे हिरवं बोंड धरतं, ते दीड-दोन महिन्यांनी तडकतं आणि आतून मिऱ्यासारखं काळं, चकचकीत बी निघतं. ते पेरायचं आणि फुलासाठी दोन वर्षं थांबायचं. दोन वर्षांनी फूल येणार आणि चार वाजता नापास होणार. मी एकदा सरळ हिशेब करून दाखवला, की या गतीनं तुमचं आयुष्य आणि फुलांच्या पिढ्या यांचा मेळ बसत नाही. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा तुमचा हिशेब किती वाजेपर्यंत?"

"किती वाजेपर्यंत?" हे त्यांचं पालुपद होतं. जगातली प्रत्येक गोष्ट ते याच एका मापानं मोजत. कोणी नवा थर्मास दाखवला की "गरम राहतं, मान्य. किती वाजेपर्यंत?" निवडणुकीचा उमेदवार हात जोडून दारात आला, म्हणाला, पाणी चोवीस तास देऊ. भाऊ म्हणाले, "चोवीस राहू द्या. किती वाजेपर्यंत तेवढं सांगा, बादल्या लावायला बरं." माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलगा बघून झाल्यावर माझ्या बहिणीनं भाऊंचं मत विचारलं. मुलगा गोरा, उंच, बोलण्यात गोड. भाऊ म्हणाले, "सकाळचा छान आहे. संध्याकाळी बघा कसा दिसतो." बहीण रागावली, पण दुसऱ्या खेपेला मुद्दाम रात्री त्याच्या घरी गेली. ते स्थळ तिनं नाकारलं. काय दिसलं ते तिनं आजवर सांगितलेलं नाही.

मधल्या काळात त्यांच्या अंगणात एक लालभडक फूल निघालं. वितीएवढं रुंद, कडांना सोनेरी झालर. इमारतीतली माणसं बघायला रांग लावून आली. कल्याणचा एक नर्सरीवाला वास काढत आला आणि तो गड्डा मागू लागला.

"काय घ्याल, बोला."

"हे नापास झालंय," भाऊ म्हणाले.

"साहेब, असलं फूल मी जन्मात पाहिलं नाही."

"म्हणजे तुम्ही सकाळी पाहिलंत. मी दुपारी पाहिलं. घ्या, फुकट घेऊन जा. पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

तो माणूस गड्डा पोत्यात घालून जवळजवळ पळतच गेला. पुढे त्या फुलानं त्याची नर्सरी वर काढली म्हणतात. भाऊंना त्याचं काहीच नव्हतं.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांचा एक जुना समज आहे, की दुसऱ्याच्या अंगणातलं फूल पहाटे तोडलं आणि देवाला वाहिलं तर ती चोरी होत नाही. आई रोज पहाटे एक आकडी लावलेली काठी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन निघे. जास्वंद, तगर, कण्हेर, कुणाचीही असो. भाऊंची लिली तर तिला खालीच, काठीशिवाय मिळे. दोरा बांधलेली दोन फुलं तिनं गणपतीला वाहिली तेव्हा भाऊ वर आले. त्यांनी भांडण केलं नाही. म्हणाले, "काकू, फुली मारलेले डबे तुमचे. त्यांतलं हवं ते तोडा. बिनफुलीच्या डब्याला हात लावायचा नाही."

"देवाला नापास फुलं वाहू मी?" आई म्हणाली.

"देवाला चालतात हो. मला चालत नाहीत."

हा तह बरीच वर्षं टिकला. मग एका मे महिन्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पहाटेच्या अंधारात तिला फुली दिसेना. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावायला ती देव्हाऱ्यासमोर बसली आणि मला हाक मारली. "अरे, हे फूल बघ. सकाळचं आहे. मी पाणीसुद्धा शिंपडलं नाही."

फिकट पिवळं, साधं, मध्यम आकाराचं फूल. देवीच्या पायाशी सरळ, पाकळ्या मागे वळवून, टवटवीत. मी खाली जाऊन भाऊंना सांगितलं. कुकरची दुसरी शिट्टी नुकती झाली होती. भाऊ गॅस तसाच ठेवून, हातातली पळी घेऊन वर आले आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे राहिले. आईला गहिवरून आलं. म्हणाली, "भाऊ, तुम्ही आणि देवाला हात?"

"देवाला नाही काकू. फुलाला."

त्यांचा कुकर करपला. वहिनी आल्या तेव्हा आमच्याकडून आमटी-भात गेला.

मी मात्र एक शंका काढली, आणि ती काढणं माझं कामच होतं. "भाऊ, देव्हाऱ्यात ऊन नाही, वारा नाही, खाली थंडगार फरशी. इथे टिकलं म्हणजे अंगणात टिकेल, हे सिद्ध होत नाही." भाऊंचा चेहरा पडला, पण त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे, ऑडिटर. पुरावा हवा."

मोठी अडचण अशी, की ते फूल कुठल्या झाडाचं हे आईला सांगता येईना. त्या पहाटे तिनं पाच-सहा डबे लुटले होते. भाऊ बॅटरी घेऊन अंगणात ओणवे झाले आणि ताज्या तुटलेल्या देठांवरून तीन संशयित निघाले. मग कळ्या उमलायची वाट बघणं आलं. त्या काळात आईनं केलेली कामगिरी मला विसरता येत नाही. जी बाई इतकी वर्षं फुलं नेत होती, ती आता तीच काठी घेऊन पहाटे भाऊंच्या अंगणात स्टूल टाकून बसे आणि इतर फुलवाल्या बायकांना परत पाठवी. "आमच्याकडे परीक्षा चालू आहे," असं सांगे.

तिघांतलं एक झाड निघालं. पण त्या हंगामात त्याच्या कळ्या दोनच उरल्या होत्या. उन्हात ती फुलं सातपर्यंत कशीबशी टिकली आणि मग कलली. हे ऊन जास्त, का माती वाईट, का झाड अजून पोरवयाचं, हे ठरेना. मीच म्हटलं, की एका जागेवरून काही ठरत नाही, वेगवेगळ्या हवेत लावून बघा. पावसाळ्याआधी भाऊंनी काळजावर दगड ठेवून त्या गड्ड्याचे चार तुकडे केले. एक घरी ठेवला. एक ठाण्यात नौपाड्याला त्यांच्या अक्कांकडे, तिथे दोन इमारतींच्या मधल्या सावलीत. एक कल्याणपलीकडे मोहन्याला, कारखान्यातले त्यांचे मित्र सावे राहत त्यांच्या उघड्या गच्चीवर. आणि एक खाडीकाठी, जनीमावशीकडे. जनीमावशी आमच्या भागात मासळी घेऊन येई आणि टिपणिसांचं घर तिचं हक्काचं. भाऊंना सुरमईचा तुकडा हातात घेऊनसुद्धा "किती वाजेपर्यंत?" विचारायची खोड होती, म्हणून तिचा त्यांच्यावर राग आणि लोभ दोन्ही.

पहिल्याच पावसात भाऊंच्या अंगणात गुडघाभर पाणी साचलं आणि घरचा तुकडा कुजला. चुना मात्र त्यांनी आणला नाही. "हे परीक्षेला बसलंच नाही," एवढंच म्हणाले. आता जे काही होतं ते परगावी होतं.

परगावच्या निकालांची तऱ्हा निराळी. नौपाड्याला सावलीमुळे नुसती पाती माजली, दांडा येईना. माझं ऑफिस ठाण्यात, त्यामुळे दर आठवड्याला अक्कांकडे चक्कर मारून "अजून नाही" हे सांगायला येणं माझ्याकडे लागलं. मोहन्याला पुढच्या उन्हाळ्यात फूल आलं आणि साव्यांनी निरोप पाठवला की रात्री साडेआठपर्यंत टिकलं. भाऊंनी सायकल काढली, मीही मागे बसून गेलो. गच्चीवर बघतो तर झाडावर काळी छत्री बांधलेली. "ऊन फार होतं हो, बघवेना," सावे म्हणाले. परतीच्या वाटेवर भाऊ एकच वाक्य बोलले. "प्रेमळ माणसाला प्रयोग देऊ नये."

आणि मग एका सकाळी जनीमावशी टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "भाव, तुजा फूल मी तोरला. पोरीच्या हलदीला आमचे धाकटीनं डोक्यान घातला. रागवू नको."

भाऊ दाराच्या चौकटीला टेकले. "मावशी, ते तोडायचं नव्हतं."

"आरं आयक तं. सकालच्याला घातला. दुपारभर उन्हान मांडवान नाचली. सांजच्याला परत नाचली. घामान केस भिजला, पन फूल काय मेला नाय. बायका इचारतान, प्लास्टिकचा हाय काय."

"किती वाजेपर्यंत?" भाऊंनी विचारलं.

"मना काय घड्याल हाय? डोक्यावरचा उतरवला तवा जेवनाच्या पंगती उठल्या व्हत्या."

भाऊ माझ्याकडे वळले. "बोला, ऑडिटर. ऊन, घाम, नाच. आता काय शंका?"

मला एकच प्रश्न सुचला. "मावशी, खत काय घालता?"

"मासली धुवाचा पानी. दुसरा काय घालनार?"

मी शंका मागे घेतली. हवामान म्हणून पुस्तकांत ऊन, पाऊस आणि थंडी सांगतात. आमच्या भागात त्यात देव्हारा आणि अंबाडा हे दोन ऋतू आणखी धरावे लागतात. हे झाड दोन्हीतून पार झालं होतं.

त्या पावसाळ्यानंतर जनीमावशीनं गड्ड्याचा एक जोमदार तुकडा परत दिला. भाऊंनी तो डब्यात न लावता कुंडीत लावला आणि कुंडी मागच्या पायरीवर ठेवली, साचलेल्या पाण्याची भीती नको म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात दांडा आला. कळ्या फुगू लागल्या.

त्याच सुमाराला नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये पुष्पप्रदर्शन भरणार होतं. मे महिन्यात शनिवार-रविवार हॉल लग्नांना गेलेले, म्हणून प्रदर्शन शुक्रवारी. माझ्या आईनं भाऊंकडून तिथे फूल मांडायचा शब्द काढून घेतला. भाऊंनी आयोजकांना एकच प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळालं की पाच वाजता बक्षिसं देऊन संपेल. "मग हरकत नाही," भाऊ म्हणाले.

पहिली कळी नेमकी त्याच सकाळी उमलली. वहिनी कामावर निघाल्या तेव्हा ती नुकती ओठ उघडत होती. रोज सकाळी दोन डबे, पाणी भरणं आणि वेणी यांत त्या बाईला मागचं दारही उघडायला होत नसे. भाऊ रजा टाकून कुंडी घेऊन ठाण्याला आले, मीही रजा टाकली होती, पण दिवसभर त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दर थोड्या वेळानं घड्याळ बघत. सकाळी परीक्षक टेबलावरून फिरले. शेजारी लाल, जांभळ्या, दुहेरी लिल्या मांडलेल्या. भाऊंच्या पिवळ्याकडे बघून एक परीक्षक म्हणाले, "ठीक आहे. साधं आहे."

"संध्याकाळी या," भाऊ म्हणाले.

पाच वाजले. प्रमुख पाहुणे आले नव्हते. हॉलमधले पंखे गरम हवा ढवळत होते आणि लिल्यांच्या टेबलावर हाहाकार झाला होता. जांभळी ओल्या रुमालासारखी लोंबत होती, दुहेरीचा लगदा झाला होता. सगळ्यांच्या मधे भाऊंचं साधं पिवळं फूल शाळेत एकटाच वेळेवर आलेला मुलगा उभा असावा तसं उभं होतं. तेच परीक्षक पुन्हा आले. थबकले. एका पाकळीला नखानं हलकेच टिचकी मारून पाहिली. मग दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं, दोघांत काही कुजबुज झाली आणि पहिल्या क्रमांकाचं कार्ड लाल फुलासमोरून उचलून भाऊंच्या कुंडीला टेकवलं.

लोक जमले. कुणी भाऊंचा हात हातात घेतला. कल्याणचा तो नर्सरीवालाही गर्दीत होता. तो मला म्हणाला, "या माणसानं मला दिलेला माल नापास का होता ते आज कळलं." इतक्या वर्षांच्या फुल्या आणि शेवटी हे.

"थांबा हं, टिपणीस," आयोजक म्हणाले. "पाहुणे निघालेत. चषक त्यांच्याच हातून."

"किती वाजेपर्यंत येतील?"

"येतीलच."

सहा वाजले. भाऊंनी कुंडी उचलली.

"अहो भाऊ, चषक?" मी म्हटलं.

"तुम्ही घ्या." आणि ते निघालेसुद्धा. पाहुणे पाऊण तासानं आले, माइकवर टिपणिसांचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि शेवटी मी व्यासपीठावर जाऊन चषक घेतला. टाळ्या भाऊंच्या होत्या. त्या घेताना मला अवघडल्यासारखं झालं, पण हातभर चषक छान वाटला हेही खरं.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. कोपऱ्यावरच्या वाण्यानं हाक मारून सांगितलं, "तुमचे टिपणीस बनियनवर आले रिक्षातून. ठाण्याहून, शिळफाट्यावरून. बुशशर्ट कुंडीला गुंडाळलेला." जो माणूस स्टेशनवरून घरापर्यंतसुद्धा कधी रिक्षा करत नसे, तो वारा लागू नये म्हणून शर्ट काढून फुलाला घालून तेवढी वाट आला होता.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरात कुकर लागलेला. मागच्या पायरीवर वहिनी बसल्या होत्या. खांद्याची पर्स अजून उतरवलेली नव्हती, चपलाही पायात. त्यांच्यासमोर कुंडी आणि कुंडीत ते फूल, दिव्याच्या उजेडात पूर्ण उघडं. भाऊ बनियनवर, ओट्याशी पाठमोरे.

"हे आज सकाळचं?" वहिनींनी विचारलं.

"सकाळचंच," भाऊ पाठमोरेच म्हणाले.

वहिनींनी मला पाहिलं आणि थोड्या बाजूला सरकल्या. "आमच्या पाचगणीच्या घरी ही दाराशी असायची," त्या म्हणाल्या. "आम्ही पोरं खेळून घरी यायचो, दिवे लागलेले असायचे, आणि ही उघडी. लग्न झाल्यावर मी एक गड्डा आणला इथे. रोज कामावरून यायची तर गोळा होऊन पडलेलं फूल. मी एकदाच म्हणाले असेन यांना, की आमच्याकडे मी घरी येईपर्यंत थांबायची. बस्स. पहिल्या वर्षातली गोष्ट. मी विसरूनही गेले."

"रविवारी दिसत असेल की," मी म्हटलं. आकडा जुळत नसला की माझं तोंड बंद राहत नाही.

उत्तर ओट्याकडून आलं. "रविवारी बघणं म्हणजे भेटायला जाणं, ऑडिटर. रोज घरी आल्यावर दिसायला पाहिजे."

वहिनींनी शेवटी पर्स खाली ठेवली आणि फुलाच्या शेजारची कळी बोटानं जरा वर उचलली. ती टरारून फुगली होती.

"ही उद्याची?"

"उद्याची. बोलू नकोस, तिसरी शिट्टी व्हायची आहे."

त्या हसल्या आणि गप्प बसून राहिल्या. मी हळूच पाय काढता घेतला. अर्धा जिना चढून गेल्यावर लक्षात आलं, की चषक माझ्याच काखेत आहे, आणि खाली त्याबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.